गाडीची चावी तालुक्याच्या गावात झाली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्ह्याला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं चाव्यांचं दुकान आहे. वडील आठवडी बाजारात पोतं अंथरून बसत. एक शिकंजा, दोन-तीन कानशी आणि जुन्या चाव्यांचा जुडगा, एवढ्यावर त्यांनी आम्हा चार भावंडांना वाढवलं. मीही तोच धंदा करतो. कानशीच्या बाजूला आता गाडीच्या चाव्या प्रोग्राम करायचं, म्हणजे चावीची ओळख गाडीच्या मेमरीत चढवायचं यंत्र आलं आहे. बायकोनं बचत गटातून कर्ज काढलं, तेव्हा ते घेता आलं. आमच्याकडे या चाव्यांपायी माणसं फार हैराण होतात, म्हणून हे पत्र.

गेल्या कापसाच्या हंगामात रात्री आठच्या सुमारास धामणगाव देवहून फोन आला. मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला वाशीम जिल्ह्यातून एक कुटुंब आलं होतं. "भाऊ, चाबी हरपली. सारं धुंडून झालं." सोबत म्हातारी माय आणि दोन लेकरं. मोटारसायकलला सामान बांधून गेलो. दार उघडून दिलं, आतली औषधाची पिशवी काढून दिली, पण गाडी चालू करून देता आली नाही. गाडी जुनी घेतलेली, विकणाऱ्यानं एकच चावी दिली होती आणि नवी चावी जोडायला लागणारा त्या मॉडेलचा कंपनीचा कोड माझ्या यंत्राला मिळत नाही. स्टेअरिंग लॉक असल्यानं ओढूनही नेता येईना. शेवटी क्रेनवर चढवून शोरूमच्या वर्कशॉपला पाठवली. तिथं चेसिस नंबरवरून चावी मागवली, ती यायला अकरा दिवस लागले. क्रेन, चावी, प्रोग्रामिंग मिळून तीस हजारांच्या वर गेले. वेचणीच्या बाया बाहेरगावाहून आणायला त्यांच्याकडे तीच गाडी होती. ऐन दुसऱ्या वेच्यात ती उभी राहिली.

"दात कापायला तू शंभर रुपये घेतो, मग या चाबीचे दोन हजार कायचे?" हे मला रोज ऐकावं लागतं. दात कापणं आजही दहा मिनिटांचं काम आहे. पैसे चिपचे आणि प्रोग्रामिंगचे. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तुरीच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी लावतो त्या भोकाभोवती तांब्याच्या तारेची कडी असते. चावी फिरवली की त्या कडीतून १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ती ओळख गाडीच्या मेमरीत असेल तरच इंजिन चालू राहतं. नसेल तर काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही. काहींत इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडतं आणि मीटरमध्ये चावीचं चिन्ह लुकलुकतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. गाडीचोरीला आळा बसावा म्हणून युरोपात १९९८ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. व्यवस्था चांगली आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

लॉक-अनलॉकची बटणं वेगळी. ती बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना सेल लागतो, बहुधा सीआर २०३२. सेल उतरला म्हणजे चावी खराब झाली असं समजून लोक यवतमाळ गाठतात, तेव्हा फार वाईट वाटतं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीतही लोखंडी पत्ती लपवलेली असते. बाजूची खिट्टी सरकवली की ती बाहेर येते, तिनं दार उघडतं. मग बहुतेक गाड्यांत चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की उतरलेल्या सेलवरही गाडी सुरू होते. काही मॉडेलमध्ये चावी ठेवायची जागा दुसरीकडे असते. ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. गाडी देताना शोरूममध्ये पेढे देतात, हार घालतात, फोटो काढतात. तेव्हाच एवढं करून का दाखवत नाहीत?

आता दुसऱ्या चावीबद्दल. हात जोडून सांगतो, दुसरी चावी आजच करून घ्या. एक चालती चावी समोर असली तर स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र लावून बऱ्याच गाड्यांची दुसरी चावी मी अर्ध्या तासात जोडून देतो. साध्या चिपच्या चावीचे दीड-दोन हजार होतात. एकही चावी उरली नाही तर आमच्या धंद्यात 'ऑल लॉस्ट' म्हणतात, आणि मग सगळं बदलतं. कुलपावरून दात काढा, काही गाड्यांत डॅशबोर्ड खोलून मेमरी वाचा, काहींत ते शोरूमबाहेर जमतच नाही. जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, तशी दुसरी चावीही मागा. नसेल तर भावातून पैसे कापून घ्या. नव्या गाडीबरोबर चावीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळत असेल तर ती आरसीच्या फायलीत घरी ठेवा. बरेच जण ती गाडीतच ठेवतात.

प्रोग्रामिंगला येताना घरातल्या सगळ्या चाव्या आणा. पुष्कळ गाड्यांत नवी चावी जोडताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि समोर असतील तेवढ्याच परत चढतात. यात एक सोयही आहे. चावी चोरीला गेली असेल तर तिची ओळख मेमरीतून काढता येते, मग ती चिप गाडी सुरू करू शकत नाही. पत्तीनं दार मात्र उघडेल, हे लक्षात असू द्या. गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या जमा करायला सांगते. म्हणून चावी हरवल्यावर पोलिसांत नोंद करा आणि नवीन केल्याची पावती जपून ठेवा. विम्यात चावीसाठी वेगळं जादा संरक्षण घेता येतं, तेही एजंटला विचारा.

माझं मुख्य म्हणणं पुढे आहे. आमच्या भागात गावोगावी गाड्या आल्या, त्यांची चावी मात्र जिल्ह्याच्या गावी राहिली. मला काम येतं. वावरात, धुऱ्यावर उभ्या गाडीचं कामही मी केलं आहे. प्रोग्रामिंग चालू असताना गाडीच्या बॅटरीचा दाब पडला तर कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, बिघडू शकतं, म्हणून दुसरी बॅटरी सोबत नेतो. कोड सर्व्हरवरून येतो, म्हणून कधी रेंज शोधत पांदणीनं अर्धा किलोमीटर चालत जातो. एवढं करूनही कंपनी कोड देत नाही तिथं हात टेकावे लागतात.

२५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि गाडी तपासायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावर ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत आणि शेतीची अवजारंही. दारव्ह्याच्या दुकानात बसून मला त्यातलं अजून काही हाताला लागलेलं नाही.

कोड बाहेर दिले तर चोरांच्या हाती लागतील, असं म्हणतात. भीती खोटी नाही. चावीवाल्याकडे पहिला संशय जातो, हे आम्ही वडिलांच्या वेळेपासून सोसलं आहे. पण अमेरिकेत चावी बनवणाऱ्यांची नोंदणी होते, त्यांची पार्श्वभूमी तपासतात. मग नोंदणी झालेल्या कारागिराला कंपनीचा कोड मिळतो आणि मालकाची ओळख पाहून प्रत्येक कामाची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे तालुक्याला असे दोन-तीन कारागीर का नसावेत? पोलीस पडताळणी करा, परीक्षा घ्या, फी घ्या. आयटीआयमध्ये याचा छोटा कोर्स सुरू करा. तिथं मोटार मेकॅनिकचं काम शिकणारी पोरं हेही आनंदानं शिकतील. मीही त्यांच्यासोबत बाकावर बसायला तयार आहे.

आरसी आणि आधार पाहिल्याशिवाय मी कारची चावी करत नाही. नाव, गाडी नंबर, तारीख आणि सही असलेली वही यंत्र घेतलं त्या दिवसापासून ठेवली आहे. आतापर्यंत तीन वह्या भरल्या. परिवहन खात्याच्या किंवा पोलीस खात्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यानं केव्हाही दुकानात येऊन त्या पाहाव्यात.

आपला,
एक चावीवाला
दारव्हा, जि. यवतमाळ