झेरॉक्सवाल्या काकूंना, सत्तेचाळीस पानांबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे घालायचं नाही ही तुमची अट होती, ती पाळते आहे. एसटी स्टँडसमोर, रसवंतीला खेटून, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा बोर्ड लावलेली दुकानं सोलापूर जिल्ह्यात ढिगानं सापडतील. त्यामुळे तुम्ही कोण हे तुम्हाला आणि मलाच कळेल. पत्र असं उघड्यावर लिहिते आहे, कारण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही “चहा घेतेस का” म्हणून विषय बदलता. दोनदा झालंय हे.

२०२२ चा नोव्हेंबर. मी अकरावीत. दाखला काढून मामाच्या गावी शिकायला जायचं, हे माझं मीच ठरवलं होतं आणि अर्ज टाइप करून घ्यायला तुमच्याकडे आले होते. तुम्ही ‘प्रति, मा. प्राचार्य’ टाइप केलंत, ‘विषय’ टाइप केलात आणि विचारलंत, “कारण काय लिहू?” मी म्हटलं, “वैयक्तिक.” त्यावर तुम्ही, “वैयक्तिक लिहिलं की ऑफिसात पहिलं तेच विचारतात. काय सांगणार आहेस तिथं?” माझा फोन काउंटरवर उपडा ठेवलेला होता आणि थरथरत थरथरत लॅमिनेशनच्या मशीनकडे सरकत चालला होता. तुम्ही तो उचलून इकडे ठेवलात. पाच मिनिटांत तीनदा. तिसऱ्या वेळी म्हणालात, “कोण गं एवढं मागं लागलंय?”

तेव्हा मी रडले बिडले नाही. फोन तुमच्याकडे सरकवला, एवढंच.

त्या फोनमध्ये काय होतं ते इथे सांगते, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला ते फार किरकोळ वाटतं. सप्टेंबरात वक्तृत्व स्पर्धेत मी मधेच अडकले. तोंड उघडं, शब्द गायब. कुणीतरी मागच्या बाकावरून शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या त्या उघड्या तोंडाचं स्टिकर आलं, खाली गोल फिरणारं चाक आणि ‘लोडिंग…’. खरं सांगू? पहिल्यांदा मीसुद्धा हसले होते. बरं बनवलं होतं. पण कुणी गृहपाठ विचारला, लोडिंग. कुणी गुड मॉर्निंग म्हटलं, लोडिंग. मी काही लिहिलं की एकापाठोपाठ सात-आठ. मग त्याची रील झाली. मग कॉलेजच्या नावानं कुणीतरी चालवत असलेल्या कन्फेशन पेजवर माझ्याबद्दल निनावी चिठ्ठ्या यायला लागल्या. आणि दिवाळीनंतर माझ्याच नावाचं, माझाच फोटो लावलेलं, फक्त शेवटी एक जास्तीची रेघ असलेलं इन्स्टाग्राम खातं निघालं. त्यावरून एका सरांची टिंगल आणि मुलांना ‘भेटायला ये’ असे मेसेज. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी नाही केलं म्हटलं. ते म्हणाले, “नाव तर तुझंच आहे.”

आता कॉलेजात मानसशास्त्र घेतल्यावर कळलं की डॅन ओल्वेउस नावाच्या अभ्यासकानं शाळेतल्या दादागिरीची ओळख तीन गोष्टींवरून सांगितली आहे: मुद्दाम त्रास देणं, तो पुन्हा पुन्हा देणं आणि सहन करणाऱ्याला परतवता येणार नाही इतकं दोघांच्या बळात अंतर असणं. तास चालू असताना माझ्या डोक्यात स्टिकर फिरत होतं. ते करणाऱ्यानं ते एकदाच केलं. पुन्हा पुन्हा करण्याचं काम वर्गातल्या बाकीच्यांनी आपसात वाटून घेतलं, आणि त्यातल्या प्रत्येकाचा हिशेब ‘मी तर एकदाच पाठवलं’ असा. शाळेतल्या चिडवण्याला निदान शेवटच्या घंटेला सुट्टी मिळायची. हे रात्री दीडला उशीखाली थरथरायचं.

काकू, माझ्या मते तुम्ही केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याही पोर्टलवर नाही. तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत, फोन घेतलात आणि म्हणालात, “तू वाचू नकोस आता. मी वाचते.” मी दोन महिने ते सगळं एकटी वाचत होते. नवीन काय आलंय ते बघितल्याशिवाय राहवायचं नाही आणि बघितलं की झोप लागायची नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी ते माझ्याऐवजी वाचलं. तुम्ही एकेक पान प्रिंट काढत होतात, कोपऱ्यात लाल पेननं नंबर घालत होतात आणि पान उलटं करून ठेवत होतात. कोरी बाजू वर. मला दिसत होता तो नुसता पांढरा गठ्ठा. “तू काय केलं होतंस?” हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तो मला आधी तिघांनी विचारला होता.

आणि मग तुम्ही चिडलात, तेही माझ्यावर. कारण मी रोज रात्री चॅट साफ करत होते. “अगं, उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला माणूस सातबारा फाडून येतो का? पुरावा धुऊन टाकतेस होय रोज?” तुमच्यासाठी ते जातपडताळणीच्या फाइलीसारखंच काम होतं: तारखेनं लावायचं, कुठला कागद सुटला ते बघायचं, सुटलेला कुणाकडे मिळेल ते शोधायचं. मी पुसलेलं माझ्या मैत्रिणीच्या फोनमध्ये होतं. तिच्याकडून ग्रुपची चॅट एक्सपोर्ट करून मागवलीत. स्क्रीनशॉट घेताना नुसता मेसेज कापून घ्यायचा नाही, वरचं नाव, तारीख, वेळ सगळं दिसलं पाहिजे. प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करून वेगळ्या कागदावर, कारण खात्याचं नाव उद्या बदलतील, पोस्टची लिंक तीच राहते. ब्लॉक करायला मी उतावीळ झाले होते. तुम्ही म्हणालात, “आधी कागद, मग ब्लॉक.” आणि उत्तर एकालाही द्यायचं नाही, कारण “तुझी शिवी तेवढी कापून ते प्राचार्यांना दाखवतील.” हे मला तेव्हा पटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नेमका तसा प्रयत्न केला. दाखवायला काही सापडलं नाही.

खोट्या खात्याची तक्रार तुम्ही माझ्याकडूनच भरून घेतलीत. ओळखपत्र जोडायचं होतं. मी आधारचा फोटो लावायला निघाले, तर हातावर चापट मारावी तसं म्हणालात, “पूर्ण नंबर कुणालाही द्यायचा नाही,” आणि फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून दिलंत. २०२१ च्या आयटी नियमांत आपल्या नावानं कुणी तोतयागिरी केली आणि ज्याचं नाव वापरलंय त्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणी तक्रार केली, तर कंपनीनं त्यावर २४ तासांत कारवाई करायची, अशी त्या वेळी तरतूद होती. नियमाचा आकडा तुम्हाला ठाऊक नव्हता. तुम्हाला एवढंच ठाऊक होतं की तक्रार मैत्रिणींनी शंभरदा करण्यापेक्षा जिचं नाव आहे तिनं एकदा नीट केलेली बरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खातं गेलेलं होतं.

सगळ्यात अवघड भाग घरचा होता. मी घरी का सांगितलं नव्हतं, तर फोन जाईल म्हणून. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, शंभर कारणं सांगतील, पण मनात हेच असतं: त्रास दुसऱ्यानं द्यायचा आणि फोन माझा जायचा. तुम्ही विचारलंत, “आईला तू सांगतेस की मी सांगू?” मी म्हटलं, दोघी मिळून. बाबा आले तेव्हा त्यांचा हात पहिला फोनकडेच गेला होता. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, “फोन काढून घेऊ नका, साहेब. पुरावा त्यात आहे.” बाबांना कुणी साहेब म्हणत नाही. ते खुर्चीत बसलेच.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार तुमच्याच संगणकावर झाली. तिथे महिला आणि बालकांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, निनावी तक्रारीचीही सोय आहे. पण नाव दिलं तरच पुढे माग काढता येतो म्हणून तुम्ही नावानिशी भरायला लावलीत. बाबा १९३० ला फोन लावत होते, तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे हे त्यांना तेव्हा कळलं. पावती तुम्ही दोन प्रतींत काढलीत. तुमच्या दुकानातून कोणी एका प्रतीवर बाहेर पडल्याचं मी अजून बघितलेलं नाही.

पोलीस ठाण्यात बाबांनी कुठेतरी वाचलेलं आयटी कायद्याचं ‘६६अ’ कलम लावा म्हणून धरलं होतं. तिथल्या हवालदार मॅडमनी सांगितलं की ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ च्या मार्चमध्येच रद्द केलंय. आणि ते प्रकरण मुळात उभं राहिलं आपल्या पालघरमधून: २०१२ मध्ये एका मुलीनं फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीनं ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली होती. नुसतं बोचरं बोलणं गुन्हा ठरत नाही, मॅडम म्हणाल्या, पण दुसऱ्याच्या नावानं खातं काढणं, धमकी देणं, पाठलाग करणं, अश्लील काही पसरवणं, याला कलमं आहेत. ओळख चोरण्यासाठी ६६सी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. स्टिकरला मात्र त्यांच्याकडेही नीटसं उत्तर नव्हतं. मॅडमनी तुमचा गठ्ठा उलटून पाहिला आणि विचारलं, “कोणत्या वकिलानं लावून दिलं?” तुम्ही बाहेर स्कूटरवर बसून होतात, म्हणून हे तुम्हाला आजवर माहीत नाही.

खातं काढणारे दोघं निघाले. एक अनोळखी, दुसरीच्या डब्यातली शेंगाचटणी मी दोन वर्षं खाल्ली होती. दोघंही अठराच्या आतली, प्रकरण पुढे गेलं असतं तर बाल न्याय मंडळाकडे. पुढे न्यायचं की नाही, हे तुम्ही माझ्यावर सोडलंत. “तुझं मन काय म्हणतं ते बघ, पण फाइल फेकू नको.” मी प्राचार्यांसमोर लेखी माफी आणि पालकांची सही यावर थांबले. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही रात्री वाटतं, थांबायला नको होतं.

दाखल्याचा तो अर्ज तुमच्या संगणकावर ‘विषय’पाशीच थांबला. वर्गात परत गेले तर पहिले काही दिवस कुणी बोलत नव्हतं. मग ग्रुपवर कुणीतरी पुन्हा स्टिकर टाकलं आणि ज्या मुलाशी मी वर्षभरात चार वाक्यंही बोलले नव्हते त्यानं लिहिलं, “बास की आता.” तीन शब्द. त्याच्यावर कुणी हसलं नाही, हे बघून बाकीचेही गप्प झाले. मी त्याचेही आभार मानायला हवेत, पण तो आता लष्करात आहे आणि पत्रबित्र त्याला कसंतरीच वाटेल.

पुढे मी काही गोष्टी माझ्या मी शिकले. ज्याला उघड ब्लॉक केलं की वर्गात तमाशा होईल त्याला इन्स्टाग्रामवर रिस्ट्रिक्ट करायचं, त्याची कमेंट त्यालाच दिसत राहते आणि तो समाधानी राहतो. व्हॉट्सअॅपवर मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते बदलून ठेवलं. बारावीत पुन्हा झोप उडाली तेव्हा १४४१६ ला, म्हणजे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. तुमच्या भिंतीवर पॅनकार्डच्या दरपत्रकाशेजारी मुलांच्या हेल्पलाइनचा, १०९८ चा कागद चिकटवलेला आहे ना, त्याच्याच खाली हाही नंबर लिहून टाका.

आणि स्टिकर. ते मेलेलं नाही, काकू. मध्यंतरी पुण्यातल्या एका ग्रुपवर, जिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, एकानं परीक्षेच्या निकालावर तेच टाकलं. माझं तोंड, फिरणारं चाक. पोटात खड्डा पडला, पण जेवले.

हे पत्र लिहायचं कारण त्यानंतर घडलं. हॉस्टेलवर पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. गेल्या महिन्यात ती मेसमध्ये फोन उपडा ठेवून बसलेली होती आणि तो टेबलावर सरकत होता. मी ओळखलं. तिच्या शेजारी बसले आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, “दे इकडे. तू वाचू नकोस, मी वाचते.” रात्री अकरा ते दीड वाचलं. लाल पेन नव्हतं, हिरव्यानं नंबर घातले.

तुम्ही त्या दिवशी सत्तेचाळीस पानांचे पैसे घेतले नव्हते. प्लास्टिकच्या फाइलचे दहा रुपये मात्र घेतलेत, “फाइल मला विकत आणावी लागते” म्हणून. तीन रुपयांप्रमाणे सत्तेचाळीस पानांचे एकशे एक्केचाळीस होतात. दिवाळीत येईन तेव्हा तुम्ही ते घेणार नाही आणि चहाचं विचाराल, हे मला माहीत आहे. म्हणून त्या पैशांचे लाल पेन आणते आहे. जेवढे येतील तेवढे.

तुमची,
लोडिंग
(हल्ली हे नाव मीच लावते. दुसऱ्या कुणी लावलेलं अजून खपत नाही.)