उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: रत्नागिरीच्या गिअरला घाट का चढावा लागतो?

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत माझे गिअर कापण्याचे वर्कशॉप आहे. दात कापणारी दोन हॉबिंग मशिन आणि एक शेपर, सहा कामगार. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदराच्या नौका किनाऱ्याला लागतात आणि गिअरबॉक्स उघडले जातात. कुणाचा पिनियन (जोडीतला लहान गिअर) झिजलेला, कुणाच्या रिव्हर्स गिअरचे दात उडालेले. नारळी पौर्णिमेच्या आत काम सगळ्यांनाच हवे असते. आमचा खरा हंगाम हाच.

पण नुसते दात कापून गिअर होत नाही. 20एमएनसीआर5 जातीच्या पोलादाचा जॉब, म्हणजे कापलेला गिअर, 900 अंशांच्या वर काही तास भट्टीत ठेवून कार्बन मुरवावा लागतो, मग तेलात बुडवून एकदम थंड करावा लागतो. तेव्हा कुठे वरचा थर 58 ते 62 रॉकवेल (कठीणपणाचे माप) इतका कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. ती भट्टी माझ्या ऐपतीबाहेरची आहे. म्हणून माल आंबा घाटातून कोल्हापूरला जातो, सुमारे 130 किलोमीटर. भट्टीत दात थोडे वाकतातच. त्यांचे ग्राइंडिंग, म्हणजे घासून अचूक करणे, तिकडे; प्रोफाइल आणि लीडची, म्हणजे दातांच्या आकाराची आणि दिशेची, तपासणीही तिकडेच. जॉब नापास झाला की पुन्हा तीच वारी.

आणि साहेब, नौका थांबलेल्या असतात त्याच दोन महिन्यांत घाटात दरडी कोसळतात. 2021च्या जुलैत घाटरस्ता खचला, तेव्हा माझे पिनियन पलीकडे अडकून पडले. तांडेल (नौकांचे प्रमुख) रोज दारात येऊन उभे राहायचे. काय सांगणार त्यांना?

नौकांच्या कामावर वर्ष निघत नाही. इतर महिने वाहनांच्या सुट्या भागांची कामे घेतो, तिथेही काळ बदलतो आहे. पेट्रोल गाडीत गिअरच्या पाच-सहा जोड्या असतात. विजेच्या बहुतेक गाड्यांत एकाच वेगाचा गिअरबॉक्स. गिअर कमी झाले, पण अचूकता वाढली, कारण इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीक शीळसुद्धा कानाला लागते. ग्राइंडिंग आणि टेस्ट रिपोर्टशिवाय तिथे आम्हाला कुणी उभे करत नाही.

बिलांचे दुखणे वेगळेच. लघुउद्योगांसाठीच्या 2006च्या कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. मला मागचे बिल चार महिन्यांनी मिळाले. तक्रार केली असती तर गिऱ्हाईक गेले असते.

माझी मागणी एकच आहे. केंद्र सरकारच्या लघुउद्योग समूहांसाठीच्या क्लस्टर योजनेत, सगळ्यांनी मिळून वापरायच्या सामायिक सुविधा केंद्राची सोय आहे. त्यातून रत्नागिरीत कार्ब्युरायझिंगची (कार्बन मुरवण्याची) भट्टी, गिअर ग्राइंडर आणि तपासणी यंत्र एका छपराखाली उभे करा. भट्टीला मध्येच वीज गेलेली चालत नाही, म्हणून स्वतंत्र फीडर (वीजवाहिनी) हवा. खेर्डीपासून कुडाळपर्यंतची वर्कशॉप तिथे येतील. फुकट नको, कामाचे दर आम्ही देऊ.

निर्णयाआधी एकदा जुलैत मिरकरवाड्याला या. उघडलेले गिअरबॉक्स मी स्वतः दाखवीन.

आपला नम्र,
एक गिअर कारखानदार, मिरजोळे, रत्नागिरी