प्रकाशनाआधी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्रकाशनाची तारीख तुम्हाला कळवलीच आहे. मात्र एक गोष्ट फोनवर बोलता येईना, म्हणून हे पत्र. माझ्या पणजीचे प्रकरण मी कादंबरीत ठेवले आहे. पुस्तक छपाईला गेले असल्याने आता त्यात बदल होणार नाही, आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही. बाबा, दिवाळीत तुम्ही "घरातले घरात राहू दे" म्हणालात तेव्हा तुमचा आवाज कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तिचे नाव बदलले, आपल्या वाड्याची पेठ बदलली आणि आत्याच्या लगेच लक्षात येईल असा बांगड्यांचा प्रसंग पूर्णपणे गाळला.

१८९७चे पुणे म्हटले की लोकांना २२ जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता आणि प्लेग अधिकारी रँडचा वध आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. चापेकर बंधू फासावर गेले, लोकमान्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे सारे कादंबरीत आहेच. परंतु त्याआधी, मार्च ते मे या काळात, गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते, आजारी माणसाला इस्पितळात आणि घरातल्या इतरांना छावणीत नेले जात होते, मागे राहिलेल्या घराची जमीन उकरून भिंतींना चुना फासला जात होता. त्या घरांतल्या बायकांचे पुढे काय झाले, हे मला जुन्या वर्तमानपत्रांत शोधूनही फारसे सापडले नाही. त्याच मार्चच्या १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्यांचे नाव राहिले, हे आपले भाग्य. पणजीसारख्या बायकांची मात्र छावणीतून परत आल्याची नोंदही कोणी केली नाही, आणि मागच्या खोलीतली ती दोन वर्षे तर आपणही कधी मोठ्याने बोललो नाही.

बाबा, तुमच्या आजोबांना मी कुठेही खलनायक केलेले नाही. ते तेव्हा विशीतले होते, घर वडीलधाऱ्यांच्या हातात होते आणि मरणाची भीती प्रत्येक उंबऱ्यावर होती, हे मी मनापासून समजून लिहिले आहे. तुम्ही मला लहानपणी मेणवलीच्या घाटावर नेऊन वसईच्या मोहिमेतून आलेली ती घंटा दाखवलीत, तेव्हा ती एवढ्या लांब कोणी वाहून आणली, असे मी विचारत राहिले होते. तुम्ही न रागावता, बैलांपासून हमालांपर्यंत सगळे सांगत मला कडेवर घेऊन घरी आलात. ही कादंबरी त्याच प्रश्नातून आली आहे असे मला वाटते, आणि तुम्हाला ती परकी वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आता येण्याविषयी. संध्याकाळचा कार्यक्रम मी हट्टाने रविवारी सकाळी दहाला ठेवून घेतला, म्हणजे बाबांच्या जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा चुकणार नाहीत. नवी पेठेतले सभागृह तळमजल्यावर आहे. आईच्या गुडघ्यांना एकही पायरी चढावी लागणार नाही. शुक्रवारी सकाळी वाईला गाडी येईल. एसटीने यायचे नाही, खंबाटकीत उलटी होऊ नये म्हणून आईने निघताना रिकाम्यापोटी राहायचे नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायच्या. इथे तुमची खोली तयार आहे. बाबांना लागतात तशा दोन उशा, आईसाठी उंच पलंग, पहाटेच्या चहाचे सामान, सगळे आहे. दोन दिवसांत परत जायची भाषा मात्र मी ऐकणार नाही.

पुस्तकाची प्रत सोबत पाठवत आहे. आई, बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, तेव्हा ते प्रकरण तू वाचून दाखव, तेही दुपारी, रात्री नको. वाचल्यावर पुढच्या रांगेत बसणे जड वाटले, तर तसे मला कळवा. मी दाराजवळच्या कडेच्या दोन खुर्च्या राखून ठेवीन आणि कोणी काही विचारणार नाही, याची काळजी घेईन. पण यायचे नक्की.

तुमची,
धाकटी