थोरलीचं पत्र, कोलंबसहून

कोलंबस, ओहायो
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप दादा आणि सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीला दंडवत. सोनीला गालगुच्चा, नवरी झाली म्हणून काय झालं.

इकडे सर्व क्षेम. हे हातानं लिहून टपालात टाकणार होते, पण ते तुम्हाला संक्रांत झाल्यावर मिळालं असतं. म्हणून टाईप करून दादांच्या मोबाईलवर पाठवतेय. दादा, औशाला गेलात की झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तिला बरोबर कळतं.

आधी तुमच्या काळज्या. थंडी आहे, पारा शून्याच्या खालीच असतो, पण घरात हीटर आहे, ऑफिसात आहे, बसमध्येसुद्धा आहे. मी उघड्यावर असते ती बस येईपर्यंत. स्वेटर घालते का म्हणून आता विचारू नकोस आई, दोन घालते. जेवण वेळेवर आहे. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, भाकरी थापते, फुगते पण. व्हिडिओवर वाळलेली दिसते म्हणतेस तो ह्या कॅमेऱ्याचा दोष आहे, वजन उलट वाढलंय. नोकरीचं म्हणाल तर आमच्या टीममधून कुणालाही काढलेलं नाही. आणि दादा, ते कामाच्या व्हिसाच्या लाख डॉलरच्या फीचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, ते २१ सप्टेंबरनंतरच्या नव्या अर्जांसाठी आहे. माझा अर्ज त्याच्या कितीतरी आधी मंजूर झालाय. मला त्यातला एक रुपया लागत नाही. मामांनाही हे सांगा, ते सगळ्या भावकीला काहीतरी सांगत सुटलेत असं सोनी म्हणत होती.

दिवाळी अंकांचा पुडा शेवटी पोचला! ऑगस्टच्या शेवटापासून १५ ऑक्टोबरपर्यंत भारतातून इकडं पार्सलं घेणंच बंद होतं, त्यामुळं दिवाळी गेली आणि अंक आले. चकल्यांचा चुरा झालाय, पण चुराही संपवला. अंक पुरवून पुरवून वाचतेय. त्यातल्या एकावर दादांच्या हातचा वाचनालयाचा शिक्का बघून हसू आलं. सभासदाला अंक घरी नेऊ देताना तुम्ही किती प्रश्न विचारता, आणि लेकीसाठी सरळ सातासमुद्रापार!

इथं आता नाताळच्या खरेदीची धामधूम आहे. आपल्याकडं दिवाळीआधी गंजगोलाईत जी गर्दी असते ती इथं मॉलमध्ये. मी तिकडं फिरकत नाही. शनिवारी पुस्तकांच्या दुकानात गेले होते. आई, एकटी नव्हते, नांदेडची मैत्रीण होती बरोबर, तिच्याच गाडीतून गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. (इथं दिवेलागण पाच वाजताच होते, म्हणून फोनवर मागं अंधार दिसतो. रात्री-बेरात्री फिरत नसते मी.)

दुकानाचं नाव बुक लॉफ्ट. जर्मन व्हिलेज म्हणून विटांच्या घरांची जुनी वस्ती आहे, तिथं १९७७ पासून चालू आहे. कुठल्या मोठ्या कंपनीची शाखा नाही, इथलंच आहे. दादा, तुम्हाला इथं आणून सोडलं तर संध्याकाळी शोधायला माणसं पाठवावी लागतील. बत्तीस खोल्या आहेत! जुन्या इमारती एकमेकींना जोडत नेल्यात, त्यामुळं तीन पायऱ्या चढा, दोन उतरा, वळा, की आणखी एक खोली. फक्त स्वयंपाकाची एक, इतिहासाची एक. बोळकांड्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. वाट चुकू नये म्हणून दुकानाचा नकाशा मिळतो. नांदेडची बाई नकाशा हातात धरूनही लहान मुलांच्या खोलीत तीनदा परत आली.

लातूरला आपण जूनमध्ये जायचो ते आठवलं. दुकानात पाय ठेवला की नीट-जेईईचे गठ्ठे छातीएवढे, आणि कादंबऱ्या कुठंतरी मागं, वरच्या फळीवर, शिडी लावून. तुम्ही नवीन काय आलंय विचारलं की तो पोरगा गाईडच पुढं करायचा. इथं नव्या पुस्तकांचं टेबल अगदी पुढं असतं. नवी पुस्तकं मंगळवारी येतात. देशभर मंगळवारच. मोठ्या पुस्तकाची खोकी आधी येऊन पडली तरी त्या दिवसाआधी विकायची नाहीत असा दंडक. पहिल्यांदा जाड पुठ्ठ्यात काढतात, तीस डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले सत्तावीसशे, आणि साधारण वर्षानं तेच पुस्तक साध्या कव्हरात, जवळपास अर्ध्या किमतीला. म्हणजे ज्याला धीर नाही त्यानं दुप्पट द्यायचे. वर पुस्तकावर कर! आपल्याकडं छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ह्या एका गोष्टीत आपण शहाणे.

आता गंमत सांगते, नीट ऐका, कारण मला समजायला वेळ लागला. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची असते, पंचवीस डॉलरच्या आत. मला आमच्या एका वयस्कर बाई निघाल्या, त्यांना पक्ष्यांचा नाद आहे. मी पक्ष्यांचं पुस्तक घेतलं, कव्हरावर तो इथला लालभडक कार्डिनल. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, भेट द्यायचीय का? मी हो म्हटलं. तर तिनं दोन पावत्या काढल्या. एक माझी, किमतीची. दुसरीवर पुस्तकाचं नाव, तारीख आणि काळ्या रेघांचा पट्टा, पण किंमत नाही. ही दुसरी पुस्तकात घालून द्यायची.

कशाला? तर ज्याला भेट मिळाली त्याला ती आवडली नाही तर त्यानं ही पावती घेऊन दुकानात यावं आणि बदलून दुसरं काही न्यावं! म्हणजे भेट देतानाच परत करायची सोय आत घालून द्यायची. आणि ह्यात कुणाचा अपमान नाही. उलट पावती घातली नाही तर माणूस जरा घमेंडी वाटतो, ह्याला वाटतं की ह्याची निवड चुकूच शकत नाही. पंचवीस तारखेनंतर दुकानांत परत करणाऱ्यांच्या रांगा लागतात, सासूनं दिलेला स्वेटर सून उघड उघड बदलून आणते. आई, आपल्याकडं कुणी आहेराचं पातळ दुकानात परत दिलं असं कळलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होईल. आणि आपली आहेराची वही! कुणी किती घातले, एकशे एक की पाचशे एक, नावासकट लिहून ठेवायचं, कारण त्यांच्या घरच्या लग्नात तेवढं तरी परत घालायला हवं. तिथं किंमत लिहून ठेवतात, इथं किंमत झाकतात.

पण झाकून उपयोग काय? दादांना पहिला प्रश्न हाच पडेल. जाड पुस्तकाला वरून जे सुटं कव्हर असतं ना, त्याच्या आतल्या घडीच्या कोपऱ्यात किंमत छापलेलीच असते. मी त्या मुलीला ते दाखवलं. ती हसली, म्हणाली, पूर्वी लोक तो कोपरा कात्रीनं कापून द्यायचे. मागं जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी खरंच तसली पाहिली होती, कोपरा तिरका कापलेला, बाकी पुस्तक ठणठणीत. मला वाटायचं उंदरानं खाल्लं.

आणखी एक. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग झाल्यावरचा शनिवार हा ‘छोट्या दुकानांचा शनिवार’ म्हणून पाळतात. त्या दिवशी लोकांनी ठरवून गल्लीतल्या दुकानातून घ्यायचं. २०१० साली एका क्रेडिट कार्ड कंपनीनं सुरू केलंय. छोट्या दुकानदाराचा कळवळा कार्डवाल्याला का आला हे दादांना वेगळं सांगायला नको. तरी दुकानात माणसं आली ना, मग झालं. त्या मुलीला मी आपल्या दिवाळी अंकांचं सांगितलं, दादा नेहमी सांगतात ते, १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला काढला तिथपासून. सणाला फराळाबरोबर वाचायला काढतात हे तिला फार आवडलं. अंक दाखवा म्हणाली. पुढच्या वेळी नेणार आहे, चकलीचं तेल लागलेलं पान मिटून.

वाचनालयासाठी मुलांची सहा पुस्तकं घेतलीत, चित्रांची, इंग्रजी अगदी सोपं. किमती विचारू नका, आजी लगेच म्हणेल, “कशाला पैशे उधळूलालीस माय.” एक नकाशांचं मोठं पुस्तकही आहे, ते मात्र आपल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका दादा, पोरांना हाताळू द्या. फाटलं तर फाटलं. नांदेडची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गावी निघालीय, तिच्या बॅगेत पाच किलोची जागा मिळालीय. तिचा भाऊ लातूरला आणून देईल.

आई, तू आता दादांना वाचायचं थांबवलं असशील. लग्नाला ही स्वतःच येणार तर पुस्तकं दुसरीच्या बॅगेत कशाला, असं.

व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडच्या अमेरिकन वकिलातीत जानेवारीतली तारीख मिळाली होती, ती मागच्या आठवड्यात पुढं ढकलली. माझी एकटीची नाही, डिसेंबर-जानेवारीवाल्या खूप जणांची ढकललीय. आता जूनची दिलीय. इथं राहायला, काम करायला काहीच अडचण नाही, कागद पक्के आहेत. पण एकदा बाहेर पडले की तो शिक्का बसल्याशिवाय परत आत येता येत नाही. लग्नाला आले तर जूनपर्यंत तिकडंच अडकेन, आणि एवढे महिने जागा धरून ठेवत नाही कुणी. वकिलाला विचारलं, मॅनेजरला विचारलं, नांदेडचीच्या नवऱ्याला विचारलं. सगळे एकच म्हणतात, निघू नकोस. फोनवर सांगणार होते, तर गुरुवारी तूच मला साडीचे रंग दाखवत बसलीस.

मी नाही म्हणून लग्न पुढं ढकलायचं नाही. सोनीलाही हे ठणकावून सांगा. पाव्हण्यांनी हॉल धरलाय, आचारी ठरलाय. आणि गावात लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: धाकटीचं आधी झालं म्हणून थोरली रुसून बसली, तोंड दाखवायला नको म्हणून आली नाही. म्हणू देत. सोनीचं आधी करा हे मीच म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी, आजीसमोर. आजी साक्षीला आहे. काकूंनी विचारलं तर व्हिसाचं सांगा, नाही पटलं तर सोडून द्या.

पैशांचं. साडेचार हजार डॉलर उद्या पाठवतेय. डॉलर नव्वदीला गेलाय, त्यामुळं चार लाखांच्या थोडे वर येतील. दादा, उसने, परतफेड हे शब्द काढायचे नाहीत. तीन लाख लग्नाला. पन्नास हजार शेतीच्या सोसायटीत भरा, सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन नेलं ते काही तुमच्या हातात नव्हतं. हमीभाव ५३२८ रुपये जाहीर झालाय म्हणे, पण भिजून काळा पडलेला माल त्या भावानं कोण घेतंय? उरलेल्यातून हरभऱ्याच्या फवारणीचं बघा आणि वाचनालयाला एक कपाट घ्या, काचेचं. नव्या वर्षापासून इथून पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आहे, पण तो रोख भरून पाठवणाऱ्यांना. मी बँकेच्या खात्यातून पाठवते, मला लागत नाही. मामांना हेही सांगा. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याची चिंता नको, अंगावर काही येत नाही.

राहिलं माझ्या स्थळाचं. उदगीरच्या त्या मुलाचा फोटो मिळाला. वाईट नाही. पण तो पुण्यात, मी इथं, आणि जूनपर्यंत मला हलता येत नाही, मग त्यांना ताटकळत ठेवून काय करायचं? आई, नाही म्हणत नाहीये. सोनीचं पार पडू दे, मग बोलू. फोनवर त्याच्याशी बोलायला माझी हरकत नाही, एवढं त्यांना कळवलंत तरी चालेल.

येत्या शुक्रवारी येळवस, आपली शेतातल्या पूजेची वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप, खोपटी, घातली का? यंदा कोपीतल्या दगडांच्या पांडवांना चुना सोनीच्या हातून लावा, पुढच्या वर्षी ती कुठल्या शेतात असेल काय माहीत. मी इथं मिसळ भाज्यांची भज्जी करणार आहे, चार-पाच जणींना बोलावलंय. हिरवी तूर मिळत नाही, गोठवलेल्या पावट्यावर भागवीन. आंबिलीचं ताक आंबवायला किती वेळ ठेवायचं ते आईनं सांगावं, इथल्या थंडीत ते आंबतच नाही. बाजरीचे उंडे नीट झाले नाहीत तर कुणाला फोटो पाठवणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
थोरली

ता. क. हळदीला आणि लग्नाला मोबाईल मांडवात कुणाच्या हातात द्यायचा ते आत्ताच ठरवा. मामांच्या पोराकडं देऊ नका, तो कॅमेरा स्वतःकडंच फिरवतो. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे माझे मध्यरात्रीचे साडेबारा, मी जागी असेन. आणि सोनीच्या पाठवणीच्या वेळी फोन बंद करू नका. आई, तू मुद्दाम बंद करशील, म्हणून लिहितेय.