विमान अपघाताची चौकशी कोणाच्या हाती?

रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ऐकायला विचित्र वाटते, पण कारण साधे आहे : रेल्वेची चूक रेल्वेनेच शोधू नये. मग विमान अपघातांची चौकशी करणारा ब्युरो (एएआयबी) त्याच विमान मंत्रालयाखाली कसा? परवाने, तपासण्या पाहणारे डीजीसीएही तिथलेच! १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जणांचा जीव गेला. अशा चौकशीत मंत्रालयाकडेच बोट दाखवायची वेळ आली, तर ते दाखवणार कोण? अमेरिकेत अशी चौकशी करणारे मंडळ (एनटीएसबी) १९७५ पासून वाहतूक खात्याबाहेर आहे. आपल्या ब्युरोचाही निधी संसदेने वेगळा मंजूर करावा आणि त्याचे अहवाल थेट संसदेपुढे यावेत.

— एक वाचक, डोंबिवली