टेंडरात मी, कामावर दुसरेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला 'प्रिन्स-टू करा, प्रोजेक्ट मॅनेजर व्हा' हा, पगार दुप्पट होईल असं सांगणारा लेख वाचला. वाचला म्हणजे वाचावा लागला. सकाळी साडेसातलाच भाच्याने पानाचा फोटो पाठवून विचारलं, "मावशी, भरू का पैसे? आजच भरले तर सवलत आहे." सवलत लेखात नव्हती. ती लेखाच्या बरोब्बर खाली, त्याच निळ्या पट्टीत छापलेल्या एका क्लासच्या जाहिरातीत होती. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे त्या पोराला कळलं नाही. चष्मा लावून पाहिल्यावर मलाही जरा वेळच लागला. आपल्या मांडणी विभागाचं अभिनंदन.

प्रिन्स-टू म्हणजे प्रकल्प कसा चालवायचा याची एक ठरावीक पद्धत, आणि तिच्यावरची परीक्षा. मी स्वतः या परीक्षेच्या दोन्ही पायऱ्या, फाउंडेशन आणि प्रॅक्टिशनर, पास झालेली आहे. तेव्हा 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' असं कृपया कोणी म्हणू नये.

आधी लेखातल्या चुका उरकते. 'अमेरिकेतील जगप्रसिद्ध पदवी' असं छापलं आहे. ती अमेरिकेतली नाही आणि पदवीही नाही. ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने १९८९ साली स्वतःच्या प्रकल्पांसाठी ही पद्धत आणली, आणि १९९६ मध्ये ती संगणकाबाहेरच्या कामांनाही चालेल अशी नव्याने मांडली, तेव्हा नावामागे 'टू' लागला. अमेरिकेतली ती पीएमपी, प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीचं वेगळंच प्रमाणपत्र. तिला बसायचं तर पदवीधर माणसाला तीन वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. प्रिन्स-टूच्या फाउंडेशनला कसलीच अट नाही. माझ्या सासूबाई उद्या बसू शकतात. लेखकमहाशयांनी पीएमपीवाल्यांचा पगार आणि प्रिन्स-टूची सोय एकाच परातीत कालवली आहे. शिवाय २०२३ च्या सातव्या आवृत्तीत या पद्धतीतल्या 'रिस्क'सारख्या विषयांना असलेलं 'थीम' हे नाव जाऊन 'प्रॅक्टिस' आलं, हेही लेखापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

आणि ते 'प्रॅक्टिशनरची परीक्षा पुस्तक उघडून देता येते, त्यामुळे सोपी' हे वाक्य! ७० प्रश्न, १५० मिनिटं, पास व्हायला ४२ बरोबर. प्रश्नामागे जेमतेम दोन मिनिटं. पुस्तक उघडायला सवड असेल तर जरूर उघडावं. मी दिली २०१३ साली, तेव्हा आकडे वेगळे होते पण धावपळ हीच. कंपनीने आम्हा अठरा जणांना एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये पाच दिवस कोंडलं होतं. बुधवारी दुपारी फाउंडेशन, शुक्रवारी प्रॅक्टिशनर. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मॅन्युअलला इतक्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या की ते दाराला लावायचं तोरण वाटत होतं. परीक्षेत त्यांना त्यातलं एकही पान वेळेवर सापडलं नाही. शुक्रवारी पलीकडच्या हॉलमध्ये साखरपुडा होता. 'रिस्क'वरचा अख्खा प्रश्न मी सनईच्या साथीवर सोडवला. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा किंवा कामाची भाषा नसेल तर २५ टक्के वेळ जास्त मिळतो असा नियम आहे. आम्ही अठराही जण दिवसभर मराठी-हिंदीत भांडत होतो, पण कामाची भाषा कागदोपत्री इंग्रजी. वेळ कोणालाच मिळाला नाही.

असो. पास झाले. एचआरने केक कापला. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

त्यानंतर चार वर्षांत माझं प्रमाणपत्र कमीत कमी सहा टेंडरांना जोडलं गेलं. इंग्लंडमधली गिऱ्हाइकं, विशेषतः तिथली सरकारी, प्रस्तावात विचारतात की तुमच्याकडे प्रिन्स-टू झालेली माणसं किती? मग माझा फोटो, माझा अनुभव, माझ्या प्रमाणपत्राची प्रत, सगळं पुढे. टेंडर मिळालं की पेढे. आणि कामावर? कामावर दुसराच कोणीतरी, माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि अर्ध्या पगाराचा. सहापैकी एकाही कामावर सुरुवातीपासून मी नव्हते. लग्नाच्या बोलण्यांत थोरलीचा फोटो दाखवायचा आणि बोहल्यावर धाकटी उभी करायची, असला तो प्रकार. हे फक्त माझ्याच कंपनीत होतं असा माझा आरोप नाही. या धंद्यात असलेला कोणीही वाचक हे वाचून गालातल्या गालात हसेल.

एका प्रकल्पात मला बोलावलं, तेही आठव्या महिन्यात, गाडी रुळावरून घसरल्यावर. शिकवल्याप्रमाणे मी आधी 'लेसन्स लॉग' उघडला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागच्या कामांत काय चुकलं आणि आपण त्यातून काय घेतलं याची ही वही. प्रिन्स-टूच्या सात तत्त्वांपैकी एक तत्त्वच 'अनुभवातून शिका' असं आहे. आमच्या वहीत चार ओळी होत्या. पहिली, 'टेस्टिंगला वेळ कमी पडला'. दुसरी, 'गिऱ्हाइकाच्या मागण्या बदलत राहिल्या'. उरलेल्या दोन तशाच. पानाच्या तळाशी नाव होतं तिसऱ्याच गिऱ्हाइकाचं. दोन वर्षांपूर्वीच्या कामाची फाइल उचलून, वरचं नाव बदलून, खालचं बदलायचं विसरून जोडून दिली होती. मी ती जुनी फाइल शोधून काढली. तीही कुठूनतरी उतरवलेली होती; तिच्यातल्या तारखा प्रकल्प सुरू होण्याच्याही आधीच्या होत्या. म्हणजे टेस्टिंगला वेळ नेमका कोणाला, कधी कमी पडला होता हे देव जाणे. पण आम्ही ते पिढ्यान्‌पिढ्या शिकत होतो.

मग मी एक्सेप्शन रिपोर्ट लिहिला. या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला वेळेची आणि पैशांची ठरावीक सूट असते. त्या मर्यादेच्या बाहेर जाणार असं दिसलं की प्रोजेक्ट मॅनेजरने गप्प न बसता वरच्या प्रोजेक्ट बोर्डाला कळवायचं, पर्याय मांडायचे, निर्णय त्यांनी घ्यायचा. आम्हाला तीन आठवड्यांची सूट होती आणि आम्ही अकरा आठवडे मागे जाणार होतो. दोन पानी अहवाल, तीन पर्याय, खाली आकडे. आमच्या साहेबांनी तो वाचून मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो मॅडम, हे परीक्षेत लिहायचं असतं." मग त्यांनी स्वतः बसून शीर्षक बदललं: 'स्टेटस अपडेट'. तक्त्यातल्या लाल चौकोनावर क्लिक करून तो पिवळा केला. जरा वेळ बघितलं, आणि अकरा आठवड्यांच्या जागी 'काही आठवडे' टाकलं. ते क्लिक मला अजून ऐकू येतं.

पुढचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण तेवढ्यासाठी मी या पद्धतीला मानते. टप्पा संपला तेव्हा गिऱ्हाइकाकडच्या बाईंनी, म्हणजे प्रोजेक्ट बोर्डाच्या प्रमुख असलेल्या एक्झिक्युटिव्हने, आमचा पिवळा चौकोन बाजूला ठेवून साधा प्रश्न विचारला: हे काम मंजूर केलं तेव्हा जो फायदा धरला होता तो अजून आहे का? मधल्या काळात त्यांची दोन खाती एकत्र झाली होती, त्यामुळे अर्धा फायदा गेलाच होता. वीस मिनिटांत त्यांनी प्रकल्प बंद केला. आभार मानले, क्लोजरची कागदपत्रं मागितली, कोणाला दोष दिला नाही. आमच्या ऑफिसात मात्र सुतक. सोमवारी बारा पोरं बेंचवर, म्हणजे कामाविना, आणि साहेब कॉफीच्या मशीनपाशी म्हणाले, "कोणीतरी त्यांना जास्त शहाणं केलं." माझ्याकडे न बघता म्हणाले, हे मुद्दाम नमूद करते. वास्तविक त्या बाईंनी मॅन्युअलप्रमाणेच केलं होतं. कामाला अजून कारण आहे का, हे दर टप्प्याला विचारायचं, हे सातांतलं पहिलं तत्त्व. आम्ही ते पाठ केलं होतं, त्यांनी ते वापरलं. एवढाच फरक.

आता आपल्या लेखात ज्याचा चकार शब्द नाही ते. या प्रमाणपत्राला मुदत असते! आमच्या वेळी प्रॅक्टिशनरला पाच वर्षं होती, हल्ली तीन. मुदत संपली की पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर दरवर्षी पैसे भरून आपण शिकत असल्याच्या नोंदी दाखवत राहा. माझी मॅट्रिकची मार्कशीट माझ्या मरणापर्यंत चालेल, ही चालत नाही. २०१८ साली माझी संपली. कंपनीकडे फेरपरीक्षेचे पैसे मागितले, तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही आता सीनियर, तुम्हाला काय गरज?" ठीक आहे म्हटलं. आणि पुढच्याच वर्षी एका नव्या प्रस्तावाची फाइल चुकून माझ्या मेलवर आली. पान ४१ वर मी. तोच २०१३ चा फोटो, तेच प्रमाणपत्र, फक्त तारखेची ओळ कातरलेली. मुदत संपल्यावरही मी टेंडरात जिवंत होते. मी लेखी हरकत घेतली तेव्हा पान काढलं, आणि त्यानंतर मला दिवाळीच्या पार्टीच्या आयोजनात घेणं बंद झालं. त्याचं दुःख नाही, ते कामही माझ्याच गळ्यात असायचं.

भाच्याला मी फोन करून एवढंच सांगितलं: तुला नोकरी लागून नऊ महिने झालेत, तू टेस्टिंगमध्ये आहेस. फाउंडेशन करायचीच असेल तर पुस्तक घेऊन घरी वाच, साठातले छत्तीस प्रश्न यायला तुला क्लास लागत नाही. प्रॅक्टिशनरचे पैसे कंपनी भरत असेल तरच बस, आणि बसायच्या आधी तुमच्या प्रकल्पाचा लेसन्स लॉग एकदा उघडून बघ. तळाचं नाव वाच. त्यावर त्याने अंगठा पाठवला. पैसे भरलेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. सवलत रात्री बारापर्यंत होती.

संपादक महाशय, आपल्याकडून अपेक्षा माफक आहेत. लेख छापा, जाहिरात छापा, पण दोन्हींच्या मध्ये निदान एक रेघ तरी मारा. आणि 'पगार दुप्पट' हे विधान लेखकाने कुठून आणलं ते विचारा. माझा पगार त्या वर्षी आठ टक्क्यांनी वाढला होता, जितका प्रमाणपत्र नसलेल्या सगळ्यांचा वाढला.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. ही करिअर पुरवणी दोनाची चार पानी झाल्यापासून आपण शब्दकोडं आकसून आगपेटीएवढं केलं आहे. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. रोज दुपारी भिंग आणि टोकदार पेन्सिल घेऊन ते सोडवतात. गेल्या आठवड्यापासून जोडाक्षर चौकोनात मावत नाही म्हणून त्या उत्तरं वहीत लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहायला जातात तर उत्तरं छापलेलीच नसतात. मंगळवारचं उभे १४, पाच अक्षरी, 'वचन देऊन न पाळणारा', अजून अडलंय. कृपया कळवावं.

आपली नियमित वाचक
(माजी नोंदणीकृत प्रॅक्टिशनर)
कोथरूड, पुणे