डोंगरावरचा वणवा आणि आमची मागची भिंत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी जवळ आली की ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरच्या वणव्याचा फोटो दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात येतो, रात्रीचा, डोंगराच्या अंगावर लाल रेघ, आणि आम्ही घोडबंदर रोडवाले तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, चारपाच जण हात जोडलेल्या इमोजी टाकतात, कोणीतरी 'बिचारी जनावरं' लिहितं आणि खाली लगेच पाणी किती वाजता येणार हा मेसेज. मीपण त्यातलाच, उगाच शहाणपणा नको.

पण गेल्या मार्चमधे एका रात्री साडेअकराच्या सुमारास वास आला, वाटलं कोणीतरी कचरा जाळलाय, आपल्याकडे त्याचं काय नवल. गॅलरीत गेलो तर मागच्या डोंगरावर आगीची रांग. भिंतीपासून तशी लांब होती, त्यामुळे सगळे निवांत व्हिडिओ काढत उभे, मीसुद्धा. सकाळी बायको कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथूनच हाक मारली. गच्चीवरच्या निळ्या ताडपत्रीला रुपयाएवढी तीन भोकं, कडा वितळून काळ्या. आणि ताडपत्रीखाली काय, तर कोणाची तरी कापसाची जुनी गादी, रंगाचे अर्धे डबे आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर (थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली, हे त्याच्या आधीचं, टाकवत नाही म्हणून ठेवलेलं). सातव्या मजल्याच्या वर, बरं का. ठिणगी वाऱ्यावर आली आणि अगदी बरोबर तिथेच बसली, गादी धुमसली नाही हे नशीब.

मग मी जरा वाचत बसलो. २०१८ च्या नोव्हेंबरमधे कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं अख्खं गाव वणव्यात गेलं, ८५ माणसं मेली. तिकडच्या लोकांनी अशा आगींचा अभ्यास करून काढलेली गोष्ट अशी की घरं बहुतेक वेळा समोरून चालत आलेल्या ज्वाळांनी पेटत नाहीत, आग पोचायच्या आधी उडून आलेल्या ठिणग्या पन्हाळीतल्या पाल्यात, पायपुसण्यावर, भिंतीला टेकलेल्या लाकडात पडतात आणि तिथून घर पेटतं. म्हणून तिकडे घराला लागून पहिली पाच फूट जागा पूर्ण मोकळी ठेवा असं सांगतात, जळेल असं काही म्हणजे काहीच नको. हे मी मीटिंगमधे सांगितलं तर आमचे एक काका लगेच, अरे तिकडची घरं लाकडाची, आपली सिमेंटची. खरंय काका, स्लॅब पेटत नाही, पण स्लॅबवर आणि स्लॅबखाली आपण काय काय भरून ठेवलंय ते एकदा बघून या.

मी बघून आलो. मागच्या भिंतीला लागून सागाची पानं गुडघाभर, कारण माळी वर्षभर तिथेच झाडून लोटतो. त्याच्या शेजारी कुंड्यांचे मोडके स्टँड, जनरेटरच्या डिझेलचे दोन कॅन. मागच्या गेटला कुलूप आणि किल्ली कुठे आहे ते तीन वॉचमनपैकी एकालाच माहीत, तो गावाला गेलेला. आणि आग विझवायच्या होजची पेटी उघडली तर आत झाडू आणि फिनेलची बाटली. राज्याचा २००६ चा आगीचा कायदा आहे, त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमधे यंत्रणा चालू आहे असं बी फॉर्म भरून द्यायचं असतं. तो फॉर्म दरवेळी वेळेवर जातो, त्यात झाडूचा उल्लेख नसतो.

त्या रात्री मी एका ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले ती आमची हद्द नाही, दुसरीकडे केला तर तेच, दोघांच्या हद्दीच्या मधे आग निवांत चरत होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो, जंगलातल्या आगीसाठी वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आणि फायर ब्रिगेड १०१, दोन्ही आत्ताच सेव्ह करा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या साइटवर नाव नोंदवलं तर सॅटेलाइटने आग टिपली की मोबाईलवर मेसेजही येतो, फुकट, पण सॅटेलाइट दिवसातून ठराविक वेळेलाच वरून जातो त्यामुळे मेसेजची वाट बघत बसू नका, नाक आधी सांगतं.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी येऊरच्या पाड्यावरच्या. त्यांना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या तुमची भिंत तरी आहे. त्यांच्याकडे अजून काही घरं कारवीच्या कुडाची, शेजारी पेंढा रचलेला आणि आग चढावर पळते, खालचं गवत पेटलं की वरचं आधीच तापून तयार असतं. मी म्हटलं मग काय करता, म्हणाल्या घराभोवतीचं गवत माघातच काढतो, आग आलीच तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपायची, आवरेना झाली तर वर पळायचं नाही, बाजूने कटायचं नाहीतर जळून काळ्या झालेल्या जागेत जाऊन उभं राहायचं, तिथे परत काय जळणार. आपली पोरं रविवारी ट्रेकला जातात, त्यांना हे कोणी सांगत नाही. २०१८ च्या मार्चमधे तमिळनाडूत कुरंगणीला ट्रेकला गेलेली वीसच्या वर माणसं अशाच वणव्यात गेली. आणि एक, वणवा म्हटलं की आदिवासींकडे बोट दाखवायची आपल्याला सवय, राब भाजतात म्हणून, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. राब भाजणारा माणूस आगीजवळ उभा असतो, विझेपर्यंत. पार्टी करून शेकोटी तशीच टाकून जाणारे घरी जाऊन झोपलेले असतात.

धुराचं राहिलंच. माझ्या सासऱ्यांना दमा आहे, त्या रात्री आम्ही ओला टॉवेल नाकावर धरायला दिला, नंतर डॉक्टरने सांगितलं त्याने बारीक कण अडत नाहीत, एन ९५ मास्क लागतो, तो कोविडपासून कपाटात होताच. खिडक्या बंद, किचनचा एक्झॉस्ट बंद, म्हातारं माणूस डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, एवढं तरी जमतं. प्रत्येक विंगमधे लिफ्टशिवाय खाली कोण उतरू शकत नाही याची यादी वॉचमनकडे हवी, आमच्यात पाच जण निघाले, त्यातल्या दोघांची पोरं परदेशात.

वनविभाग १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा घेतो, म्हणजे गवत कापून जाळून पट्टा मोकळा करतो. माझं म्हणणं एवढंच की त्याच आठवड्यात महापालिकेने जंगलाला लागून असलेल्या सोसायट्या आणि पाडे यांची एकत्र मीटिंग घ्यावी, पाड्यावरच्या लोकांना पुढे बसवावं, आणि भिंतीच्या आतला पट्टा आम्ही साफ करू. शिवाय आमच्या गल्लीत रात्री दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, फायरचा बंब आत वळणार कसा हे तेव्हाच एकदा बंब आणून बघावं.

आम्ही गच्ची रिकामी केली. डिझेल हललं, माळ्याशी बोलणं झालं, मागच्या गेटची किल्ली आता केबिनमधे खिळ्याला लटकते. मखर मात्र भंगारवाल्याने घेतलं नाही, थर्माकोल नको म्हणाला. सध्या ते जिन्याखाली आहे, आणि तिथेही ते चालत नाही हे मला माहितीये.

आपला,
एक रहिवासी, घोडबंदर रोड, ठाणे (प.)